मुलाला मिजेट रेसर व्हायचंय, सीटचे ८० हजार डॉलर आपण भरायचे का?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

इंडियानामधल्या एका आईने लिहिलंय. पुण्याहून येऊन २३ वर्षं झाली, नवरा डिझेल इंजिनच्या कंपनीत, राहायला कोलंबसच्या जवळ. धाकटा मुलगा २० वर्षांचा, इथेच जन्मलेला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. १४व्या वर्षी मित्राच्या वडिलांनी त्याला मायक्रो स्प्रिंटमध्ये बसवलं, म्हणजे ६०० सीसी बाइकचं इंजिन लावलेली मातीवरची छोटी रेसकार, आणि तेव्हापासून उन्हाळ्यातले सगळे शनिवार तिकडेच. आता एका मिजेट (त्याच्याहून ताकदवान, पण तशीच मातीवरची छोटी रेसकार) टीमने पुढच्या सीझनमधल्या २० रेससाठी त्याला सीट, म्हणजे गाडी चालवायची जागा, देऊ म्हटलंय, घरच्यांनी ८० हजार डॉलर आणायचे. मुलगा म्हणतो कॉलेजसाठी ठेवलेले पैसे वापरा, मी एक वर्ष गॅप घेतो. वडील म्हणाले डिग्री नाहीतर रेसिंग, एकच काय ते ठरव, आणि दोन महिने झाले बापलेक बोलत नाहीत. कोथरूडचा फ्लॅट आईच्या नावावर आहे, तो विकून नवऱ्याला न सांगता मुलाला पैसे द्यावेत असं तिच्या मनात येतंय. पुढचं तिच्याच शब्दांत: "फॉर्म्युला वन असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं, ही तर खेळण्यातल्यासारखी गाडी. सासूबाईंना अजून काही सांगितलेलंच नाही. नाही म्हटलं तर मुलगा कायमचा दुरावेल, आणि हो म्हटलं आणि त्याला काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. काय करू?"

ताई, तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडकले. टीम सीट 'देऊ' म्हणतेय असं तुम्ही लिहिलंय. देत नाहीये हो ती, विकतेय. हे मी टीमला नावं ठेवायला म्हणत नाही, या खेळाचा हिशोबच तसा आहे, गाडी त्यांची, इंजिन त्यांचं, मेकॅनिक, ट्रेलर, टायर, मिथेनॉल सगळं त्यांचं आणि ड्रायव्हरने यायचं ते पैसे घेऊन, मोठमोठ्या टीममध्येसुद्धा काही सीट अशाच भरल्या जातात. पण मग तुमच्या घरात जे चाललंय ते भलत्याच गोष्टीवरून चाललंय. मुलाला वाटतंय माझी निवड झाली आणि बाबा आडवे आले, बाबांना वाटतंय पोरगं शिक्षण टाकून पळतंय, आणि तुम्हाला वाटतंय एका पारड्यात त्याचं स्वप्न आहे नि दुसऱ्यात त्याचा जीव. समोर आत्ता आहे ते २० रेसचं एक बिल. ते भरलं म्हणून त्याच्यात ड्रायव्हरचा गुण येत नाही आणि नाही भरलं म्हणून असलेला गुण जात नाही.

माझा मामा कोल्हापूरला तालमीत होता. त्याच्या खुराकासाठी, म्हणजे दूध, तूप, बदाम, मटण, आजोबांनी एक एकर रान विकलं. मामाला अंग चांगलं होतं, मेहनतीला कधी मागे नव्हता, पण वस्तादांनी दोन वर्षांतच आजोबांना बोलावून सांगितलं होतं की पोरगं जत्रेतल्या कुस्त्या मारेल, त्याच्या पुढे नाही जाणार. आजोबांनी ऐकलं नाही. मामाचं पुढे वाईट झालं असं नाही, शाळेत पीटीचा मास्तर झाला, मुलं त्याच्यावर जीव टाकायची, पण घरात त्या एकराचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा, अगदी म्हातारपणापर्यंत. तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं वाचलं आणि मला पहिल्यांदा मामाच आठवला. आपण म्हणतो पोरासाठी केलं, पण ते ओझं पोराला जन्मभर वाहावं लागतं आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारलेलं नसतं.

त्यामुळे सगळ्यात आधी मला हे सांगा की तुमच्या मुलाचा वस्ताद कोण? ज्याला तुमच्याकडून एक डॉलरही मिळणार नाही आणि ज्याने त्याला सहा वर्षं गाडी चालवताना बघितलंय असा माणूस. मित्राचे वडील असतील, त्याच ट्रॅकवरच्या दुसऱ्या टीमचा एखादा जुना मेकॅनिक असेल. त्यांना जाऊन सरळ विचारा, आणि "मुलगा चांगला आहे का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. असं विचारा की सारख्याच गाडीत बसलेल्या पोरांमध्ये हा कितवा येतो, संध्याकाळी ट्रॅक ओला आणि चिकट असतो तेव्हा वेगळा आणि रात्री सुकून गुळगुळीत झाला की वेगळा चालवतो का, गाडी बिघडली तर कुठे बिघडली ते त्याला सांगता येतं का, एका सीझनमध्ये गाडी किती वेळा मोडून आणतो. या उत्तरांमधून तुम्हाला आणि मुलाला जे कळेल ते टीममालकाच्या कौतुकातून कळणार नाही, त्याला तर सीट भरायचीय.

आता 'खेळण्यातल्यासारखी गाडी'. हा गैरसमज आपल्या बऱ्याच घरांत आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. मी टल्साला राहते आणि दर जानेवारीत इथल्या एक्स्पोच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये ट्रकच्या ट्रक माती आणून, पाणी मारून, दाबून पाव मैलाचा ट्रॅक बनवतात, त्यावर १९८७ पासून चिली बोल नावाची मिजेटची स्पर्धा होते. तीनशेच्या वर गाड्या येतात आणि शेवटच्या फायनलला उभ्या राहतात २४. बाकीचे बी, सी, डी अशा अक्षरांच्या रेसमधून एकेक पायरी वर चढायची धडपड करत असतात, आणि कुणी अगदी खालच्या अक्षरापासून चढत आलं की सगळा हॉल उभा राहतो. ऑफिसमधल्या मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून मी पहिल्यांदा गेले आणि पहिल्या हीटलाच, म्हणजे प्राथमिक फेरीलाच, तिचा हात घट्ट धरून बसले होते. गाडीचं वजन साधारण ४०० किलोच्या आसपास आणि इंजिन चारच सिलिंडरचं पण ताकद ३५० हॉर्सपॉवर नाहीतर त्याच्याही वर, म्हणजे तुमच्या दारातल्या सेडानच्या निम्म्याहून कमी वजन आणि जवळजवळ दुप्पट ताकद. स्टार्टर नाही, आपल्या गाडीत असतो तसा गिअरबॉक्स नाही, मागून ट्रक ढकलतो तेव्हा सुरू होते. उजवीकडचं मागचं चाक डावीकडच्यापेक्षा मोठं असतं, त्यामुळे गाडी आपोआप डावीकडे वळायला बघते, आणि वळणावर ड्रायव्हर तिला आडवी घसरवत नेतो, स्टिअरिंग उलट्या दिशेला धरून. खेळणं नाही ते.

ही रेस सुरू झाली १९३३ साली लॉस एंजेलिसला, मंदीच्या दिवसांत, कारण मोठ्या रेसकार कुणाला परवडत नव्हत्या आणि छोट्या गाड्या गावातल्या स्टेडियममध्येसुद्धा पळवता यायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षं तर अशी होती की ड्रायव्हर आठवड्याचे जवळजवळ सगळे दिवस वेगवेगळ्या गावांत पळायचे आणि त्यावर घर चालायचं. बिल वुकोविच त्याच काळात मिजेटमधून वर आला आणि १९५३ नि १९५४ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियानापोलिस ५०० जिंकला. १९५९ साली रॉजर वॉर्डने लाइम रॉकच्या डांबरी ट्रॅकवर महागड्या स्पोर्ट्सकारना मिजेट घेऊन हरवलं होतं, आणि त्याच वर्षी त्याच जातीची गाडी तो सीब्रिंगला फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये घेऊन गेला तर सगळ्यात शेवटून सुरुवात करावी लागली. फॉर्म्युला वनशी तुलना करताना एवढं लक्षात ठेवा, हे दोन वेगळे खेळ आहेत, एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि तुम्ही राहता ते कोलंबस तर या खेळाच्या नकाशावर ठळक आहे हो! टोनी स्टुअर्ट तुमच्याच गावचा, १९९५ मध्ये एकाच वर्षी यूसॅक या रेसिंग संघटनेची मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन अशा तिन्ही प्रकारच्या गाड्यांची राष्ट्रीय विजेतेपदं त्याने घेतली आणि पुढे तीनदा नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या स्टॉक-कार रेसिंगचा, चॅम्पियन झाला. ज्या कीथ कुन्झच्या टीममधून काइल लार्सन आणि ख्रिस्तोफर बेल मिजेट चालवून नॅसकारला गेले ती टीमही कोलंबसचीच. जेफ गॉर्डन १९९० साली मिजेटचा राष्ट्रीय चॅम्पियन झाला तेव्हा १९ वर्षांचा होता. सासूबाईंना सांगताना यातलं काहीही सांगा. "नात्यातल्या लोकांना काय सांगू" हा प्रश्न तुम्हाला वाटतोय तितका अवघड नाही, तो तुमच्या मनात अवघड झालाय. नावाबद्दल मात्र एक, इंग्रजीत 'मिजेट' हा शब्द ठेंगण्या माणसांना शिवीसारखा वापरला गेलाय, तो गाडीपुरताच ठेवा, माणसाला चुकूनही लावू नका. रिको अब्रेउ नावाचा ड्रायव्हर आहे, जन्मतःच वाढ खुंटलेला, उंची ४ फूट ४ इंच. २०१४ मध्ये तो यूसॅक मिजेटचा चॅम्पियन झाला आणि २०१५ नि २०१६ अशी दोन वर्षं चिली बोल जिंकला.

पण ही सगळी वरची नावं आहेत, आणि हीच नावं ऐकून पोरं आईबापाकडे पैसे मागतात, म्हणून दुसरी बाजूही तेवढीच सांगते. चिली बोल जिंकणाऱ्याला कितीतरी वर्षं १० हजार डॉलर मिळायचे. तीनशेच्या वर लोकांत पहिला आलात तर १० हजार, आणि त्या गाडीतल्या एका चांगल्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. एरवीच्या रात्री जिंकलात तर काही हजार, मधेच कुठेतरी आलात तर टायर-डिझेलचे सुटले तर सुटले. म्हणजे बक्षिसावर जगणारे ड्रायव्हर बोटावर मोजण्याइतके, बाकीचे दिवसा कुठेतरी नोकरी करतात, वेल्डिंग, मशीन शॉप, बापाचा धंदा, रेस टीमच्या वर्कशॉपमध्येच गाड्या बांधणं, आणि शुक्रवार-शनिवार पळतात. त्याला अपयश म्हणायचं का? मला नाही वाटत. मेल केनियन यूसॅक मिजेटचा सात वेळा चॅम्पियन झाला, सातवं विजेतेपद १९८५ साली, तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. नॅसकारला गेला नाही, जगप्रसिद्ध झाला नाही, पण मिजेटवाल्यांमध्ये आजही नाव काढलं की लोक आदराने बोलतात. तुमच्या मुलाला नेमकं काय हवंय ते त्याला विचारलंत का कधी, टीव्हीवर दिसायचंय की मातीवर गाडी चालवायचीय? टीव्हीवरच दिसायचं असेल तर पैसा, नशीब आणि वय तिन्ही जुळावं लागतं, आणि २० हे त्या हिशोबात लहान वय नाही, ज्यांच्याशी त्याची स्पर्धा आहे ती पोरं पाचव्या-सहाव्या वर्षापासून क्वार्टर मिजेट, म्हणजे लहान मुलांची छोटी रेसकार, चालवत आलेली असतात. मातीवर गाडी चालवणं एवढंच हवं असेल तर मात्र त्याच्याकडे अजून ३० वर्षं आहेत आणि एवढी घाई करायचं काही कारणच नाही.

यजमानांच्या "डिग्री नाहीतर रेसिंग" याबद्दल. त्यांची काळजी मला समजते, घर-दार सोडून इतक्या लांब येऊन मुलांचं शिक्षण उभं केलेल्या माणसाला ते पाण्यात जाताना दिसलं की राग येणारच. पण ही अट खरी नाहीये. रायन न्यूमन इंडियानाच्याच साउथ बेंडचा, मिजेट आणि स्प्रिंट चालवत चालवत पर्ड्यूला इंजिनिअरिंग शिकला, २००१ मध्ये डिग्री घेतली आणि २००८ साली नॅसकारची सगळ्यात मानाची रेस, डेटोना ५००, जिंकला. आणि मिजेटचं वर्षभराचं वेळापत्रक कॉलेजच्या फार आड येत नाही. तुमच्याकडची मिजेट वीक, म्हणजे लागोपाठच्या रात्रींची रेस मालिका, जूनमध्ये, चिली बोल जानेवारीत, कॅलिफोर्नियाची टर्की नाइट ही रेस थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, म्हणजे बरंचसं सुट्टीतच येतं. इंडियानापोलिसला तर मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंगची चार वर्षांची डिग्रीसुद्धा आहे, बदलून जायचं म्हटलं तर तो रस्ताही बघता येईल. गॅप वर्ष घेऊन सगळं पणाला लावायची भाषा २० वर्षांच्या पोराला मोहात पाडते, मी समजू शकते, पण त्याची गरज नाही हे त्याला आकड्यांनी आणि तारखांनी दाखवा, रागाने नको.

आता तुमच्या भीतीबद्दल. काही होत नाही हो, हल्ली सगळं सेफ असतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ब्रायन क्लॉसन २७ वर्षांचा होता, मिजेटचा दोन वेळचा राष्ट्रीय चॅम्पियन, त्या वर्षी दोनशे रेस पळायचं ठरवून निघालेला, ऑगस्ट २०१६ मध्ये कॅन्ससच्या बेलव्हिलला आघाडीवर असताना अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या अवयवांनी पाच जणांचे जीव वाचले. त्याच्या नावाने २०१८ मध्ये इंडियानापोलिस स्पीडवेच्या आवारात मातीचा छोटा ट्रॅक करून ३९ लॅप्सची रेस सुरू झाली आणि तिथे लोकांनी अवयवदानाची नोंदणी केली. त्याच्या वडिलांनी मुलगा गेल्यावरही मिजेट टीम चालवली, आणि त्या टीमच्या ड्रायव्हरने २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. मला तो बाप कसा उभा राहिला असेल ते कळत नाही, पण मी त्याच्याबद्दल बऱ्याचदा विचार करते. आणि तो वर सांगितलेला केनियन, १९६५ साली लँगहॉर्नला भाजला, डाव्या हाताची बोटं जवळजवळ सगळी गेली, तर घरच्यांनी त्याला एक खास हातमोजा करून दिला जो स्टिअरिंगवरच्या खुंटीत अडकायचा, आणि सातपैकी सहा विजेतेपदं त्याने त्यानंतर घेतली. हे वाचून धीर आला का भीती वाढली मला माहीत नाही, दोन्ही होत असेल. मला एवढंच म्हणायचंय की ज्या घरांनी हे बघितलंय त्यांनाही सोपं उत्तर सापडलेलं नाही, तुम्हाला सापडत नाही यात तुमचं काही कमी पडत नाहीये.

फक्त एक गोष्ट नीट बघा. मुलगा २० वर्षांचा आहे. पिटच्या गेटवरचा तो कागद, काही झालं तर जबाबदारी माझी असं लिहिलेला, त्यावर आता त्याचीच सही चालते, तुमची लागत नाही. म्हणजे त्याने गाडीत बसावं की नाही हे तुमच्या हो-नाहीवर राहिलेलंच नाही आणि "मी हो म्हटलं म्हणून झालं" हे ओझंही तुमचं नाही. तुमच्या हातात दोनच गोष्टी उरल्यात, पैसे आणि माया. त्यातली एक नाही म्हटली तर दुसरी आपोआप नाही होत नाही. "गाडीत बसायला मी तुला अडवत नाही, पण हे बिल मी भरणार नाही" असं आई म्हणू शकते, आणि पुढच्याच शनिवारी डबा घेऊन ट्रॅकवरही जाऊ शकते.

भीती अशी नुसती उराशी धरून बसण्यापेक्षा तिला कामाला लावा. गाडीतली बसायची सीट कसली आहे बघा, डोकं, खांदे, बरगड्या दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी पूर्ण बंदिस्त सीट हवी, आणि ती त्याच्या मापाची हवी, दुसऱ्या ड्रायव्हरची चालणार नाही. मानेला आधार देणारं हान्स हवंच. बेल्टवर तारीख असते, दोन वर्षांनी ते बदलावे लागतात, जाऊन तारीख वाचा. हात गाडीबाहेर जाऊ नयेत म्हणून बांधायचे पट्टे असतात ते वापरतो का विचारा. मिथेनॉलची आग दिवसाउजेडी डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे सूट, हातमोजे, आतले कपडे सगळं आगरोधक हवं आणि त्यात काटकसर नको. आणि डोक्याला मार बसला तर डॉक्टर सांगेपर्यंत गाडीत बसायचं नाही, मग दुसऱ्या दिवशी फायनल का असेना, हे मात्र तुम्ही त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या. पैसे द्यायचे असतील तर माझ्या मते पहिले इथे द्या. सीट, हेल्मेट, हान्स, सूट ही त्याची स्वतःची राहतात, टीम बदलली तरी बरोबर येतात, आणि तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या आहात हे त्याला त्यातून कळतं.

इन्शुरन्सही तपासा. पालकांच्या हेल्थ इन्शुरन्सवर मुलगा २६ व्या वर्षापर्यंत राहू शकतो, पण मोटर रेसिंगमधल्या दुखापतीबद्दल तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते शोधून वाचा, लाइफ आणि डिसॅबिलिटीच्या पॉलिसीत तर हमखास बघा. ट्रॅकवाल्यांचा जो विमा असतो त्याची मर्यादा किती तेही विचारा. कॉलेजचे पैसे ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, असतील तर ते शिक्षणाशिवाय दुसऱ्या कामाला काढले की वाढलेल्या रकमेवर टॅक्स आणि वर १० टक्के दंड बसतो, हे मुलाला माहीत नसेल. पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या पालकांसाठीही एक सांगते, तुमचं मूल इथे जन्मलेलं नसेल आणि एच४ वर, म्हणजे पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर बक्षिसाची रक्कम ही कमाई ठरू शकते आणि एच४ वरच्या मुलाला कमाई करता येत नाही, शिवाय २१ व्या वर्षी तो व्हिसाच संपतो. पहिल्या रेसच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, नंतर नको. आणि मुलगी असेल तर तिला कुणी हे पोरांचं काम म्हणालं तर सांगा की २०२२ मध्ये केली ब्रायसन चिली बोलच्या फायनलला पोचली, पोचणारी पहिली बाई, आणि पुढच्याच वर्षी जेड अवेडिशन टीनएजर असतानाच एक्स्ट्रीम आउटलॉ मिजेट सिरीजची चॅम्पियन झाली.

फ्लॅट विकून गुपचूप पैसे देण्याचं म्हणाल तर ते अजिबात करू नका. ८० हजार डॉलर लपत नाहीत, भारतातली प्रॉपर्टी विकून पैसा इकडे आणायचा म्हणजे टीडीएस, टॅक्स, बँकेची कागदपत्रं, नवऱ्याला कळल्याशिवाय राहणारच नाही, पण त्याहून मोठं कारण तुमचा मुलगा. बाबांपासून लपवलेल्या पैशाच्या गाडीत बसलेला मुलगा प्रत्येक रेसला जिंकायलाच हवं म्हणून चालवणार, आणि मातीवर अशा माणसाच्या चुका जास्त होतात. तुम्ही त्याला मदत करायला जाल आणि त्याच्या खांद्यावर आणखी एक ओझं ठेवाल.

मग करायचं काय, तर मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. २० रेसचं ते पॅकेज या वर्षी नको म्हणून टीमला चांगल्या शब्दांत कळवायला सांगितलं असतं. कॉलेज चालू ठेवायचं, आणि तुमच्या भागात मिजेट आणि स्प्रिंट टीमची वर्कशॉप आहेत, तिथे शनिवार-रविवार जाऊन विचार की हाताखाली कुणी हवंय का. सुरुवातीला झाडू मारावा लागेल, टायर घासावे लागतील, चिखल धुवावा लागेल. इंजिनिअरिंगचा मुलगा आणि गाडी चालवता येणारा, सहा महिन्यांत कुणाच्या तरी नजरेत भरेल, आणि फुकट नाही तरी कमी पैशात एखादी सीट अशीच मिळते, रेग्युलर ड्रायव्हर आजारी पडला, दुसरी गाडी रिकामी आहे, असं काहीतरी होतं. उन्हाळ्यात तीन-चार रेससाठी भाड्याने मिजेट घ्यायची, आधी एक टेस्ट डे, आणि त्यातले निम्मे पैसे त्याने स्वतः उभे करायचे, उन्हाळी नोकरी करून नाहीतर गावातल्या दुकानदारांकडे स्पॉन्सरशिप मागून. स्पॉन्सर मागायला दारोदार जाणं हा या धंद्याचा अर्धा भाग आहे, ते जमतंय का तेही कळेल. उरलेले निम्मे तुम्ही दोघांनी मिळून, आणि फक्त तेवढेच जे बुडाले तरी घरात कुणी त्यांचं नाव काढणार नाही.

करार मात्र लेखी हवा, भाड्याचा असला तरी. गाडी मोडली तर खर्च कुणाचा, पावसाने रेस रद्द झाली तर पैसे परत की पुढच्या रेसला वळते, आणि मातीच्या ट्रॅकवर पाऊस म्हणजे नेहमीचंच, शिवाय इंजिन कुठलं मिळणार, टीमच्या पहिल्या ड्रायव्हरसारखंच की मागे पडलेलं जुनं. सही करायच्या आधी हे सगळं तुमच्या यजमानांना वाचायला द्या.

हो, त्यांनाच. ताई, मला या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हे की आयुष्यभर इंजिनांत काम केलेला बाप आणि इंजिनावर प्रेम करणारा मुलगा एका घरात दोन महिने बोलत नाहीत. त्यांना परवानगी मागायला जाऊ नका. मुलाला सांगा की बाबांना एक प्रश्न विचार, मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनात पेट्रोलच्या दुप्पट इंधन का लागतं, इतकं घालूनही इंजिन थंड कसं राहतं. ते डिझेलवाले, उत्तर दिल्याशिवाय राहणार नाहीत, आणि उत्तर देता देता बोलणं सुरू होईल. नाही झालं तर तुम्ही विचारा. तुम्हा तिघांपैकी कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं आणि तो पैशाचा विषय नसावा एवढंच बघा.

आणि जूनमध्ये मिजेट वीकला एका रात्री तिघं मिळून जा, मुलगा पळत नसला तरी, नुसतं बघायला. कानात घालायला प्लग घ्या, पांढरे कपडे घालू नका, वळणाच्या बाजूला पुढच्या रांगेत बसू नका, मातीची ढेकळं थेट अंगावर येतात. ज्या रात्री तो स्वतः पळेल त्या रात्री हेल्मेट घालायच्या आधी त्याच्यापाशी जाऊ नका, तुमचा चेहरा बघून त्याचा चेहरा बदलेल. रेस संपल्यावर जा. तेव्हा त्याला एक ओला टॉवेल आणि पिण्याचं पाणी लागतं, ते तुमच्या पिशवीत असू द्या.